रद्दीत जाणारी अक्षरं

मंडळी, आपल्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत मोडी कागदांचं एखादं बासन हमखास सापडतं. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायचा. घरात बाळबोध, शाळेत गुजराती, आणि गुजरातीला तर डोक्यावरची रेघच नाही! आपल्याकडच्या पोरांना अक्षर वाचण्याआधी दिसतं, ते या तीन लिप्यांमुळे. दृश्यकवितेचा नाद मला लागला तो यातूनच, असं मी समजतो.

दृश्यकविता म्हणजे अक्षरं कागदावर कुठे, किती मोठी, कशी बसवली आहेत यातच जिचा अर्थ आहे अशी कविता. ती मोठ्यानं वाचली की निम्मी संपते. संस्कृतात पद्मबंध, खड्गबंध होतेच. युरोपात आणि ब्राझीलमध्ये १९५० नंतर तिला नवं रूप आलं. मराठीत तिच्यात जीव ओतला र. कृ. जोशींनी (१९३६–२००८). संगणकावरचा ‘मंगल’ फाँट ज्यांचा, तेच हे सुलेखनकार.

अशा कविता मोठे प्रकाशक सहसा छापत नाहीत. त्या येतात लहान अंकांत, हातानं केलेल्या पुस्तकांत. या लहान छपाईच्या गोष्टीत आपलं बडोदं बरंच आहे. पुरुषोत्तम चित्र्यांचं ‘अभिरुची’ इथलंच. त्यांचे चिरंजीव दिलीप १९३८ साली इथेच जन्मले, पुढे मुंबईला गेले आणि १९५४ मध्ये अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्याबरोबर ‘शब्द’ काढू लागले. तेही सायक्लोस्टाइल करून! मग १९६९ ते १९७३ बडोद्यातून ‘वृश्चिक’ निघालं. गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर, दोघेही चित्रकार, शेख तर गुजराती कवीसुद्धा. चोख अर्थानं ही दृश्यकविता नव्हे, पण कविता आणि लिनोकट एकाच छोट्या अंकात शेजारी नांदत होते.

जमवणाऱ्याला इथेच सांभाळायला लागतं. मजकूर पुन्हा टाइप करून ठेवला की काम झालं, असं लोकांना वाटतं. पण घडी, कागदाची जाडी, पसरलेली शाई, रिकामी सोडलेली जागा हे सगळं मिळून ती वस्तू होते. एका ग्रंथालयात मी जुने अंक मागवले, तर कव्हरं फाडून आणि कडा कापून छान रेक्झिनमध्ये बांधलेले! ओळी शाबूत, बाकी सारं गेलं.

अमेरिकेत मायामीला मार्विन आणि रूथ सॅकनर हे जोडपं होतं. मार्विन फुप्फुसांचे डॉक्टर. राहत्या घरात त्यांनी अशा सुमारे ७५,००० गोष्टी जमवल्या, आणि २०१९ साली तो संग्रह आयोवा विद्यापीठाकडे गेला. आपलं माझं दोन खणांचं कपाट, तेही सूनबाईंच्या मेहेरबानीवर.

तर वाडा सोडून फ्लॅटमध्ये जाणाऱ्यांनी पस्तीवाल्याला हाक मारण्याआधी माळा एकदा बघा. पातळ, बिनकण्याचे, हातानं काही चिकटवलेले अंक वेगळे काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. टाचणी गंजली असेल तर काढा, पण पानांचा क्रम मोडू नका. फोटो काढताना कव्हर, मलपृष्ठ आणि कोरी पानंसुद्धा घ्या.