शासनाचा हात : जेफर्सन यांची दोन विधेयके

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॉन्टिसेलो येथे थॉमस जेफर्सन यांची कबर आहे. १८०१ ते १८०९ अशी आठ वर्षे ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. परंतु कबरीवरील लेखात या पदाचा उल्लेखही नाही. आपली तीनच कामे तेथे कोरावीत असे त्यांनी लिहून ठेवले होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची स्थापना, ही ती तीन कामे होत.

शासनाने काय करावे आणि काय करू नये, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर यातील शेवटच्या दोन कामांत दडलेले आहे.

१७७६ साली इंग्लंडच्या राजाचे जोखड झुगारून देणाऱ्या या पिढीला राजसत्तेचा कटू अनुभव होता. शासन हवे, पण त्याला वेसणही हवी, यावर त्यांचे एकमत होते. वेसण किती आवळावी याबद्दल मात्र तीव्र मतभेद होते. अलेक्झांडर हॅमिल्टन यांना मजबूत केंद्र शासन हवे होते, तर जेफर्सन यांना मर्यादित. म्हणून शासनाने हात बांधून स्वस्थ बसावे असे जेफर्सन म्हणत होते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी आहे काय? इतिहास वेगळे सांगतो.

१७७९ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळापुढे कायद्यांच्या फेररचनेसाठी १२६ विधेयके ठेवण्यात आली. त्यांतील क्रमांक ७९ आणि क्रमांक ८२ ही जेफर्सन यांनी लिहिलेली दोन विधेयके शेजारी ठेवून पाहावीत. क्रमांक ८२ सांगते की, माणसाच्या श्रद्धेत शासनाने हात घालू नये. क्रमांक ७९ सांगते की, मुलांच्या शिक्षणात शासनाने हात घातलाच पाहिजे.

प्रथम श्रद्धेचा प्रश्न पाहू. व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे अधिकृत चर्च होते. त्याच्या पाद्र्यांच्या वेतनासाठी इतर पंथीयांनाही कर भरावा लागे. परवान्याशिवाय प्रवचन करणाऱ्या बॅप्टिस्ट पाद्र्यांना तर तुरुंगाची हवा खावी लागली होती. स्वातंत्र्यानंतर, १७८४ साली, पॅट्रिक हेन्री यांनी मधला मार्ग सुचवला. कर सर्वांनी द्यावा, मात्र तो कोणत्या ख्रिस्ती पंथाकडे जावा हे ज्याचे त्याने ठरवावे. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. जेम्स मॅडिसन यांना तसे वाटले नाही. १७८५ साली त्यांनी १५ मुद्द्यांचे निवेदन लिहून त्यास विरोध केला. जी सत्ता आज इतर धर्मांना वगळून एका धर्माला जवळ करते, ती उद्या त्या धर्मातील एकाच पंथाला जवळ करील, असे त्यांचे म्हणणे होते. हजारो नागरिकांच्या सह्यांचे अर्ज आले आणि हेन्री यांचे विधेयक बारगळले. त्या वेळी जेफर्सन पॅरिसमध्ये वकील म्हणून होते. त्यांचे विधेयक क्रमांक ८२ मॅडिसन यांनी जानेवारी १७८६ मध्ये मंजूर करून घेतले. त्याच्या प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचे नाव घालावे अशी दुरुस्ती आली होती, ती फेटाळली गेली. हे संरक्षण ख्रिस्ती, यहुदी, मुसलमान, हिंदू आणि नास्तिक या सर्वांसाठी आहे, असा त्याचा अर्थ जेफर्सन यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात नोंदवला.

आता शिक्षणाचा प्रश्न. क्रमांक ७९ नुसार प्रत्येक स्वतंत्र मुलाला व मुलीला तीन वर्षे मोफत शिक्षण मिळावे, आणि गरिबांच्या हुशार मुलांचा पुढील खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, अशी योजना होती. अडाणी प्रजा आपले स्वातंत्र्य राखू शकत नाही, म्हणून शिक्षणाचा कर हा सर्वांत स्वस्त कर होय, अशी जेफर्सन यांची धारणा होती. पण हे विधेयक मंजूर झाले नाही. १७९६ साली एक पातळ कायदा झाला, परंतु अंमलबजावणी जिल्ह्यांच्या मर्जीवर सोडल्यामुळे तो कागदावरच राहिला. श्रद्धेवरील कर हटवण्यास तयार झालेले जमीनदार दुसऱ्याच्या मुलासाठी कर देण्यास तयार नव्हते.

मात्र वर 'स्वतंत्र' हा शब्द आला आहे, तो नजरेआड करता येत नाही. सर्व माणसे समान आहेत असे जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफर्सन यांच्या मालकीत आयुष्यभरात ६०० हून अधिक गुलाम होते. गुलामांच्या मुलांसाठी या योजनेत शाळा नव्हती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या या लोकांत मुसलमानही होते. उमर इब्न सईद हे विद्वान गृहस्थ १८०७ साली अमेरिकेत विकले गेले. १८३१ साली त्यांनी आपली जीवनकथा अरबीत लिहिली, तीही गुलामीत असतानाच. त्याच वर्षी व्हर्जिनियाने कृष्णवर्णीयांना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी जमणे कायद्याने बंद केले. ज्या शासनाने शाळा काढायला हात आखडता घेतला, त्याचाच हात शाळा बंद करायला मात्र पुढे आला!

व्हर्जिनियात सार्वत्रिक शाळांची व्यवस्था १८७० साली सुरू झाली, म्हणजे विधेयकानंतर ९१ वर्षांनी, यादवी युद्ध होऊन गुलामगिरी संपल्यावर. तिचा पाया घालणारी राज्यघटना तयार करणाऱ्या सभेत कृष्णवर्णीय प्रतिनिधीही बसले होते. शाळा गोऱ्यांच्या व काळ्यांच्या वेगळ्या राहिल्या, तरी शाळेचे दार उघडले.

या घटनांचे पडसाद आपल्या महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली.

वाचकहो, शासन थोडे असावे की फार, हा वाद चालतच राहील. त्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. शासनाचा हात माणसाच्या श्रद्धेपासून दूर आहे काय? आणि तोच हात गरिबाच्या मुलाला शाळेपर्यंत नेतो काय? जेफर्सन यांनी हे दोन्ही प्रश्न बरोबर ओळखले, पण उत्तरातून आपल्याच घरची माणसे वगळली. म्हणून तिसरा प्रश्न आपण विचारावा : या 'सर्वां'मध्ये कोण मोजायचे राहून गेले आहे?