उताराची गोष्ट

एस्सेलवर्ल्डचे पाळणे बंद झाल्याचं मला कळलं ते आलापल्लीच्या रस्त्यावर. २०२२चा उन्हाळा तोंडावर आला होता. एटापल्लीची शाळा सुटल्यावर मी मोटारसायकलने घरी निघालो होतो आणि पुढे लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली होती. एक ट्रक खड्ड्यात बसला की मागचे सगळे उभे राहतात. मग आपणही गाडी बाजूला लावायची, रुमालाने तोंडावरची लाल धूळ पुसायची आणि मोबाइल बघायचा. बोरिवलीच्या आतेभावाचा निरोप आला होता. आपलं एस्सेलवर्ल्ड गेलं रे, एवढाच.

त्या रात्री मी त्याला आणि इतर भावंडांना एक लांबलचक मजकूर लिहून पाठवला. गोराईची खाडी, बोट, हूला लूप, सगळं. सगळ्यांनी रडक्या चेहऱ्यांची चित्रं पाठवली. मलाही गलबलून आलं. त्या मजकुराचं पुढे मला काय झालं ते सांगण्यासाठीच हा लेख आहे, पण त्याआधी हूला लूपबद्दल सांगायला हवं, कारण तो खरोखरच मोठा आनंद होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

माझे वडील वनखात्यात कारकून होते. आलापल्लीच्या डेपोत सागाच्या लाकडाची मोजमापं लिहायचे. आमच्याकडे मजा म्हणजे दिवाळीनंतरची मंडई, रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक आणि महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा. वैनगंगेच्या काठावर त्या जत्रेत आकाशपाळणा लागायचा. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं आणि त्याची जाहिरात दूरदर्शनवरून आमच्यापर्यंत पोचली. घरी न जाण्याचा हट्ट धरणारं ते गाणं आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ होतं. त्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता.

१९९६च्या मे महिन्यात आम्ही आत्याकडे गेलो. आधी एसटीने नागपूर, मग विदर्भ एक्सप्रेस. बोरिवलीहून गोराईच्या धक्क्यावर जायचं, बोटीत बसायचं आणि पलीकडे उतरायचं. बोटीत मळमळलं तरी मी कोणाला सांगितलं नाही, कारण मग पाळण्यात बसू देणार नाहीत अशी भीती होती. हूला लूप म्हणजे रुळावरून पळणारी, मध्ये एकदा पूर्ण उलटी होणारी गाडी. आज खोपोलीच्या इमॅजिकातला २०१३ साली आलेला नायट्रो पाहिला की हूला लूप म्हणजे खेळणंच वाटेल. पण तेव्हा ती उलटी झाली आणि खाडी डोक्यावर आली. मी ओरडलो नाही. माझ्या शेजारी बसलेले बाबा ओरडले. आयुष्यात एकदाच मी त्यांना तसं ओरडताना ऐकलं, आणि खाली उतरल्यावर ते बराच वेळ हसत होते. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. हूला लूप म्हटलं की मला खरं तर त्यांचं ते हसणं आठवतं.

आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे आवाज. सुरुवातीला साखळी गाडीला वर ओढते तेव्हा खालून कट-कट-कट असा आवाज येत राहतो. तो कसला, हे बाबांना विचारलं तर ते म्हणाले, यंत्र आहे, आवाज तर होणारच. रोलर कोस्टरला एंजिन नसतं. एकदा माथ्यावर नेऊन सोडलं की बाकी सगळं काम उताराचं. म्हणून चढताना साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये, यासाठी रुळांच्या मधे दातेरी पट्टी असते आणि गाडीखालचा खटका एकेका दात्यावर अडकत जातो. तोच तो आवाज. भीती वाटावी म्हणून तो ठेवलाय असं लोकांना वाटतं, पण तो धीराचा आवाज आहे.

निरोप आला त्या आठवड्यात मी या खटक्याबद्दल वाचायला लागलो. आधी रशिया आली. सेंट पीटर्सबर्गच्या आसपास हिवाळ्यात लाकडी सांगाडे उभारून त्यावर बर्फाचे उतार करत आणि लोक त्यावरून घसरत. ते फ्रान्समध्ये गेलं, १८१७ साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या आल्या. फ्रेंच लोक अजूनही या खेळाला रशियन डोंगर म्हणतात आणि रशियन लोक त्यालाच अमेरिकन डोंगर म्हणतात. हे वाचून मजा वाटली. पण खटका काही तिथे सापडला नाही. तो सापडला पेनसिल्व्हेनियात, एका कोळशाच्या खाणीत.

गावाचं नाव मॉक चंक. मूळ शब्द लेनापे आदिवासींच्या भाषेतला, अर्थ अस्वलाचा डोंगर. डोंगरावर कोळसा, खाली लीहाय नदी, मधे सुमारे चौदा किलोमीटर. १८२७ साली तिथल्या कंपनीने डोंगरावरून नदीपर्यंत रूळ टाकले. भरलेले डबे आपल्याच वजनाने उतरायचे. रिकामे डबे परत वर न्यायला खेचरं लागत, आणि ती खेचरं खाली यायची कशी, तर त्यांच्यासाठी वेगळे डबे होते. त्यांत उभं राहून, पुढ्यातला चारा खात, वारं घेत ती उतरायची. त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय की काही दिवसांनी खेचरांना याची इतकी सवय झाली की तो उतार पायी उतरायला ती साफ नकार देऊ लागली. रोलर कोस्टरचे पहिले शौकीन कोण, असं मला कोणी विचारलं तर मी या खेचरांचं नाव घेईन.

१८४०च्या दशकात खेचरं गेली. डोंगराच्या माथ्यावर वाफेची यंत्रं बसली आणि डबे तीव्र चढावरून ओढले जाऊ लागले. मागे घसरू नयेत म्हणून रुळांच्या मधे दातेरी पट्टी आली. १८७२ साली बोगदा झाला, कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला, आणि ही रेल्वे माणसांना मजेसाठी फिरवू लागली. शहरातून लोक खास यायचे. १८८४ साली लामार्कस थॉम्प्सनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटांत उतारावरून फिरवणारी गाडी सुरू केली, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. तिलाही नाव मॉक चंकच्या रेल्वेचंच होतं, स्विचबॅक. मॉक चंकची गाडी १९३३पर्यंत चालली, १९३७ साली तिचे रूळ भंगारात गेले. तिच्याबद्दल तिथे आजही हळहळतात.

म्हणजे माझ्या हूला लूपची आजी ही खनिज उतरवणारी रेल्वे होती. एटापल्लीच्या मास्तराला हे वाचून काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

सूरजागडच्या डोंगरात लोखंड आहे हे काही आजचं ज्ञान नव्हे. चांदा जिल्ह्याच्या लोखंडाची कीर्ती जुनीच. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला, चांद्याच्या लोहाऱ्याचं लोखंड आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा. पोलादाचा कारखाना इथे व्हावा असा विचार तिथून सुरू झाला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही. १९०४ साली दोराबजी टाटा आणि त्यांचा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ चांद्याच्या जंगलात हिंडून गेले, आणि शेवटी कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की कोणीतरी सुस्कारा टाकतं, चांद्याला झाला असता तर. मीही अनेकदा टाकलाय.

१९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २००७ साली सूरजागडवर सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्सला मिळाला. प्रत्यक्ष उत्खनन २०१६मध्ये सुरू झालं, त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी पंचाहत्तरच्या वर वाहनं जाळली. २०२१मध्ये काम पुन्हा जोरात सुरू झालं. वर्षाला ३० लाख टनांची परवानगी २०२३ साली एक कोटी टनांवर गेली. आता हेडरीहून कोनसरीपर्यंत ८५ किलोमीटरचा नळ टाकलाय. खनिजाची भुकटी पाण्यात कालवून त्यातून चामोर्शी तालुक्यातल्या कारखान्याकडे जाते.

त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत सूरजागड इलाख्यातल्या गावांचे माडिया लोक तिथे यात्रेला जमतात. लहानपणी बाबांच्या हाताखालचे एक वनरक्षक मला घेऊन गेले होते. ते तिथल्याच एका गावचे. मार्कंड्यासारखा आकाशपाळणा असेल या आशेने मी गेलो होतो. तिथे दुकानंही नावालाच होती. थंडी, शेकोट्या, ढोल, आणि अंधारात वर चढत जाणारी माणसं. मी कुरकुरलो तेव्हा काका म्हणाले, इथं पाहायला नाही येत बाबू, भेटाले येते. मला ते काही कळलं नाही, मी झोपलो. नंतरच्या वर्षांत यात्रेत ग्रामसभा बसू लागल्या, खाणीविरुद्ध ठराव होऊ लागले. तोपर्यंत मी मास्तर झालो होतो आणि यात्रेला जाणं सुटलं होतं.

मॉक चंकचा इतिहास मी पुढे वाचत गेलो तो याच कारणाने. अस्वलाच्या डोंगरावरून ते लेनापे गेले कुठे? १७३७ साली पेन घराण्याच्या वारसांनी एक जुना करार पुढे केला, माणूस दीड दिवसात जेवढं चालेल तेवढी जमीन आमची. लेनापे लोकांना वाटलं, माणूस चालतो तसा चालेल, थांबेल, जेवेल. पेनच्या लोकांनी वाट आधीच साफ करून ठेवली आणि तीन दणकट गडी निवडून अक्षरशः पळवले. दोघे गळाले, तिसरा जिथे कोसळला ती जागा आजच्या मॉक चंकच्या आसपासची आहे. त्यानंतर लेनापे हळूहळू पश्चिमेकडे ढकलले गेले. १९५४ साली गावाने आपलं आदिवासी नावही टाकलं आणि दुसरं घेतलं, जिम थॉर्प. हा १९१२च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकलेला मूळ अमेरिकन खेळाडू. जिवंतपणी तो या गावी कधी आला नव्हता. पर्यटक येतील म्हणून गावाने त्याचं शव आणून पुरलं.

त्या रेल्वेच्या आठवणी काढणाऱ्यांत लेनापे कुठेच नाहीत. गोराईचंही थोडं तसंच. ज्याला आम्ही एस्सेलवर्ल्डचं बेट म्हणायचो तिथे गोराई, मनोरी, उत्तन ही मच्छीमारांची आणि शेतकऱ्यांची जुनी गावं आहेत, आणि पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करायचा घाट घातला गेला तेव्हा ती गावं रस्त्यावर उतरली होती. बोटीतून उतरून आम्ही सरळ फाटकाकडे गेलो. वाटेत गाव होतं का, हे मला आज कितीही ताण दिला तरी आठवत नाही. साखळीचा आवाज मात्र आठवतो.

आता त्या मजकुराचं. तो पाठवून आठवडा झाला असेल, मी सहज वर सरकवून पाहिलं की त्याआधी या भावंडांना मी काय काय लिहिलं होतं. ऑक्टोबर २०२१मध्ये एटापल्लीत खाणीविरोधात हजारो लोक येऊन बसले होते. म्हातारी माणसं, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, डोक्यावर तांदळाची गाठोडी. माझ्या शाळेच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. त्यात ते वनरक्षक काकाही होते, खूप थकलेले. त्यांनी मला ओळखलं, बस म्हणाले. मी दहा मिनिटं बसलो, चहा आणून दिला आणि नोकरीचं कारण सांगून उठलो. लोकांना पोलिसांनी तिथून हटवलं त्या दिवशी मी शाळेत परीक्षेचे पेपर तपासत होतो. त्या अख्ख्या महिन्यात भावंडांना माझे तीन निरोप होते. दोन वाढदिवसाचे आणि एक, इकडे रस्त्यावर फार त्रास आहे, एवढाच.

आणि हूला लूपवर साडेतीनशे शब्द. तेव्हा मी ते पुसून टाकावं म्हणून बोट नेलं, पण पुसलं नाही. बाबांचं हसणं त्यात होतं.

गेल्या पावसाळ्यात एक जुना विद्यार्थी चहाच्या टपरीवर भेटला. माडिया पोरगा, गणितात हुशार होता. आता डोंगरावर डंपर चालवतो. पगार चांगला आहे, घरावर स्लॅब पडलाय, धाकटी बहीण नर्सिंगला आहे. त्याची आजी यात्रेत अजून वर जाते, म्हणाला, पण आता वाट विचारावी लागते. मी त्याला विचारलं, तुला कसं वाटतं रे? तो म्हणाला, सर, उतरताना ब्रेकवर लक्ष ठेवाव लागते, दुसरं काही सुचतच नाही.

उताराचा विषय निघाला म्हणून मी त्याला हूला लूपचं सांगितलं. मोबाइलवर एक जुनी चित्रफीतही दाखवली. त्याने दोनदा पाहिली.

"किती वेळ चालते हे?"

"दीड-दोन मिनिटं."

"अन् याच्यासाठी तुम्ही इथून मुंबईले गेल्ते?"

आम्ही दोघेही हसलो. मी त्याला खेचरांची गोष्ट सांगायला घेतली, तेवढ्यात त्याची पाळीची गाडी आली आणि तो उरलेला चहा तसाच ठेवून पळाला.