इनामगावची देवी कोणत्या कपाटात?

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८पासून तेथे अनेक हंगाम उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातील एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी निघाली. तिच्यात मस्तक नसलेली स्त्रीमूर्ती होती; सोबत मातीचा बैलही मिळाला. अभ्यासक तिला मातृदेवता मानतात.

या देवीचे चित्र पाहायला मी दौंडहून पहाटेच्या गाडीने एका ग्रंथालयात गेलो. ड्युईच्या दशांश पद्धतीत शिल्पकला ७३०मध्ये येते, पुरातत्त्व ९३०.१मध्ये. मी दिवसभर शिल्पकलेची कपाटे धुंडाळली. उत्खननाचा अहवाल पुरातत्त्वात लावलेला होता, आणि ते योग्यच. पण आतल्या चित्रफलकांची वेगळी नोंद कोणी केलेली नव्हती.

अशी नोंद करायला ग्रंथालयशास्त्र आणि कला दोन्ही जाणणारा माणूस लागतो. तो घडवावा लागतो. मद्रास विद्यापीठाने १९२४ साली गणित शिकवणाऱ्या रंगनाथनांना ग्रंथपाल नेमले आणि शिकायला लंडनला पाठवले. ग्रंथालयशास्त्राची त्यांची पाच सूत्रे १९३१ साली प्रसिद्ध झाली. वाचकाला त्याचे पुस्तक मिळालेच पाहिजे, हा त्यांतल्या दुसऱ्या सूत्राचा आशय.

आपल्या विद्यापीठांनीही नवपदवीधर ग्रंथपालांना दोनेक वर्षांची पाठ्यवृत्ती देऊन जाणत्यांच्या हाताखाली कलाग्रंथांच्या कामाला बसवावे. इनामगावची एखादी मुलगी उद्या गावाचे नाव घेऊन शोधायला येईल, तेव्हा तिला ही देवी सापडायला हवी. एकदा जमिनीतून वर काढलेली मूर्ती कपाटात पुन्हा पुरली जाऊ नये.