शंभर वर्षांनी आलेलं बदक?

रत्नागिरीजवळ भाट्ये इथं काजळी नदी समुद्राला मिळते. या भागातल्या, म्हणजे दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची 'पहिली यादी' १८८० साली छापली गेली. जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्यानं ती केली आणि 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात दिली. हे नियतकालिक काढणारे अ‍ॅलन ह्यूम म्हणजे पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच ह्यूम! इतिहासाच्या पुस्तकात त्यांची ही बाजू सहसा येत नाही.

अशा जुन्या याद्यांचा उपयोग काय? मँडरीन बदकाचं उदाहरण घेऊ. विडालच्या यादीत ते नाही. भारतात तोवर त्याची नोंदच नव्हती. रशियाचा अतिपूर्व भाग, चीन, कोरिया आणि जपान हा त्याचा प्रदेश. नराची चोच लाल, छाती जांभळी, आणि पाठीवर होडीच्या शिडांसारखी उभी दोन नारिंगी पिसं. मादी मात्र करडी, साधी. चिनी भाषेत याला 'युआन-यांग' म्हणतात. युआन म्हणजे नर, यांग म्हणजे मादी. आपल्याकडे चक्रवाकाची जोडी तशी तिकडे ही, दांपत्यप्रेमाचं प्रतीक. प्रत्यक्षात मादी झाडाच्या ढोलीत अंडी उबवत असताना नर बहुधा निघून जातो.

१९०२ साली आसामात तिनसुकियाजवळ दिब्रू नदीवर हे बदक नोंदलं गेलं. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या मागुरी बीलमध्ये (बील म्हणजे पाणथळ तळं) एक नर दिसला. 'शंभर वर्षांनी आगमन' अशा बातम्या झळकल्या. पण २०१३ साली मणिपूरच्या लोकटाक सरोवरात आणि २०१४ साली मानसच्या जंगलातल्या एका बीलमध्येही ते दिसलं होतं. मधली वर्षं बदक आलंच नाही, की पाहणारं कोणी नव्हतं? इतर बदकांच्या थव्यातली एखादी करडी मादी कोणाच्या लक्षात येणार? दोन नोंदींमधलं अंतर हा पक्ष्यांइतकाच निरीक्षकांचाही इतिहास असतो. शिवाय हे बदक शोभेसाठी पाळतात. इंग्लंडमध्ये पिंजऱ्यातून सुटलेल्यांची रानटी वस्तीच झाली आहे. त्यामुळे अनपेक्षित ठिकाणी ते दिसलं, तर आधी ही शंका घ्यावी लागते.

मागुरीच्या नोंदीला आणखी एक संदर्भ आहे. २७ मे २०२० रोजी बीलला लागूनच असलेल्या बागजानच्या विहिरीतून नैसर्गिक वायूचा स्फोटक उद्रेक झाला. जूनमध्ये तिला आग लागली, ती नोव्हेंबरमध्ये विझली. बीलमधले मासे मेले, गवत जळलं. तिथं आधी काय होतं हे सांगता आलं, ते वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींमुळे.

भाट्याला मँडरीनची वाट पाहायला नको. थंडीत मुलांना घेऊन खाडीवर जावं, कुरव आणि तुतवार मोजावेत, तारीख घालावी, आणि शेजारी विडालची यादी उघडावी. काही दिसलं नाही, तर तेही लिहावं.