‘शोभतं का आपल्याला?’ : दागिना, दर्जा आणि महाडचं भाषण

आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न ठरलं आहे. घरातली पहिली इंजिनिअर, पुण्यात आयटीत नोकरी. तिने स्वतःच्या पगारातून एका परदेशी कंपनीचं डिझायनर मंगळसूत्र घ्यायचं ठरवलं आणि घरात वादाला तोंड फुटलं. बौद्ध पद्धतीच्या लग्नात मंगळसूत्र हवंच कशाला, हा एक वाद. तो मी इथे बाजूला ठेवतो. दुसरा वाद पैशाचा. आत्याबाई म्हणाल्या, “एवढं मिरवणं शोभतं का आपल्याला?” त्यावर मुलीचा भाऊ उसळला, “बाकीचे मिरवतात तेव्हा कुणी विचारतं का?” मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मला दोघांचंही पटलं नाही. पण आत्याबाईंचा प्रश्न साधा नाही. “शोभतं का” या दोन शब्दांमागे दोन हजार वर्षांचा कायदा उभा आहे आणि आत्याबाईंना ते ठाऊकही नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कसं राहावं याचे नियम आहेत. गावाबाहेर राहायचं, प्रेतावरचे कपडे नेसायचे, फुटक्या भांड्यात जेवायचं. आणि दागिना? तोही सांगून ठेवला आहे : लोखंडाचा. म्हणजे अंगावर काहीच घालू नका असं मनू म्हणत नाही. घाला, पण आम्ही ठरवू ते घाला, म्हणजे लांबूनच ओळखता येईल. दागिना ही हौस नव्हती, ती पाटी होती.

हे पोथीत राहिलं असं कुणी म्हणू नये. ४ जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियात इंदूर संस्थानातली बातमी आहे. बाबासाहेबांनी ती ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये घेतली आहे. कलोटा, रजपूत आणि ब्राह्मणांनी, त्यात गावचे पाटील-पटवारीही आले, पंधराहून अधिक गावांतल्या बलाई लोकांना फर्मान काढलं. जरीकाठी पगडी घालायची नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बलाई बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. सवर्णांच्या बायकांची बाळंतपणं मात्र करायची आणि देतील ते घ्यायचं. मान्य नसेल तर गाव सोडा. बलाईंनी नकार दिला. मग विहिरी बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली, स्वतःच्या शेतात जायची वाटही अडवली गेली.

जवळपास तीन वर्षांनी, डिसेंबर १९३० मध्ये, मद्रास इलाख्यातल्या रामनाड जिल्ह्यात कल्लरांनी आदि-द्रविडांवर आठ बंद्या घातल्या. त्यातली पहिलीच बंदी सोन्या-चांदीच्या दागिन्यांवर. पुढे छत्री नको, अंगात सदरा नको, घरात मातीखेरीज दुसरं भांडं नको. ऐकलं नाही तेव्हा झोपड्या जाळल्या, धान्याची कोठारं नासवली, जनावरं पळवली. गुजरातेत झाणू गावात १९३५ साली अस्पृश्य बाया धातूच्या कळशीने पाणी भरू लागल्या, एवढ्यावरून त्यांना मारहाण झाली. कळशी! दागिना तर पुढची गोष्ट.

यात पैशाचा प्रश्न कुठे आहे? बलाई बाईकडे चांदीचा वाळा घ्यायची ऐपत आली होती, म्हणूनच तर बंदी घालावी लागली. ज्याची ऐपतच नाही त्याला कोण मनाई करेल? ऐपत येते, पण परवानगी येत नाही, हा आपल्याकडच्या ‘स्टेटस’चा खरा इतिहास आहे. जातीच्या उतरंडीत सोनं घडवणाराही सुटला नाही. १७७९ मध्ये पेशव्यांच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईतल्या सोनारांना ‘नमस्कार’ हा शब्द वापरायला मनाई केली होती. ज्याच्या हातून देवांचे मुकुट घडत, त्याने ब्राह्मणासारखा नमस्कार म्हणायचा नाही!

आता याची दुसरी बाजू. केरळात पुलया बायकांना गळ्यात दगडाच्या, काचेच्या मण्यांच्या जड माळा घालाव्या लागत. त्या त्यांच्या जातीची खूण होत्या. १९१५ च्या डिसेंबरात कोल्लमला अय्यंकालींच्या नेतृत्वाखाली सभा भरली, एका सर्कशीच्या तंबूत. त्या सभेत बायकांनी गळ्यातल्या माळा तोडून फेकल्या, तिथे त्यांचा ढीग लागला. ‘कल्लुमाला समरम्’ म्हणून हा लढा ओळखला जातो. एकीकडे दागिना घालण्यासाठी लढा, दुसरीकडे दागिना टाकण्यासाठी. दोन्ही लढे एकच आहेत. माझ्या अंगावर काय असावं हे मी ठरवणार.

आणि महाड. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जळाली हे आपल्या पोरासोरांना पाठ आहे. पण त्यानंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे जे भाषण केलं ते आपण कमी वाचतो. माझ्या मते लोखंडाचा दागिना सांगणारी पोथी जाळल्यावर हे भाषण व्हावं हा निव्वळ योगायोग नाही. त्यात तत्त्वज्ञान फार नाही. लुगडं कसं नेसावं, गळ्यात काय घालावं, मुलींना शाळेत घालावं, असं घरच्या माणसाने बोलावं तसं ते बोलले. गळाभर गळसऱ्या आणि हातात कोपरापर्यंत कथलाच्या नाहीतर चांदीच्या गोठ-पाटल्या ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं. दागिन्याने नवऱ्याचं आयुष्य वाढत नाही हेही सुनावलं. त्या पैशात चांगलं वस्त्र घ्या. आणि दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका.

अनेक बायांनी तिथेच नेसण बदललं.

या सल्ल्याचा शेवटचा भाग नीट पाहा. तिथे ‘साधेपणाने राहा’ असं काही नाही. गरिबाने गरिबासारखं दिसावं हा उपदेश बाबासाहेबांनी कधीच केला नाही. स्वतः ते सुटाबुटात वावरले आणि त्यावरून टोमणे खाल्ले. आज आपली मुलगी अंगावर सोनं घालते तेव्हा “काय ही चंगळ” म्हणणारे जे पुरोगामी सज्जन भेटतात, त्यांच्या आजीच्या पेटीत ठुशी, तन्मणी, कोल्हापुरी साज आधीच ठेवलेला असतो. साधेपणा त्यांना परवडतो, कारण त्यांचा दर्जा दागिन्यावर अवलंबून नाही, तो आडनावातूनच मिळतो. म्हणून भावाचा संताप मला समजतो.

पण ‘सोन्याचा घाला’ म्हणजे ‘ब्रँडचा घाला’ नव्हे. इथे भाऊ चुकतो.

सोनं म्हणजे काय, हे बाबासाहेबांना इतर कुणापेक्षाही जास्त कळत होतं. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ चलन आणि सोनं यांच्याच नात्यावर आहे. चलनाचं मोल सरकारच्या मर्जीवर सोडलं की गरिबाच्या खिशातला रुपया हलका होतो, हा त्यातला मुद्दा. सोन्याला कुणाच्या मर्जीची गरज नसते. तुमची जात कोणतीही असो, तोळ्याला तोळ्याचाच भाव. तराजूला आडनाव कळत नाही. कथलाचा दागिना मिरवता येतो, पण अडीनडीला त्यावर काही मिळत नाही.

आता डिझायनर दागिना तराजूत घाला. परदेशी कंपन्यांचे बहुतेक दागिने १८ कॅरेटचे असतात, म्हणजे शंभरात ७५ भाग सोनं. दहा ग्रॅमच्या कड्यात साडेसात ग्रॅम. उरलेली किंमत कशाची? कारागिरीची थोडी, शोरूमच्या भाड्याची, जाहिरातीतल्या नटीची आणि सगळ्यात जास्त नावाची. कार्तिएचं ‘लव्ह’ कडं १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये आल्दो चिपुल्लोने आखलं. स्क्रू पिळून हातात बसवायचं साधं कडं, ते आजही त्याच रूपात विकलं जातं. २०२१ मध्ये बुल्गारीने खास भारतासाठी काळ्या ऑनिक्सचं मंगळसूत्र आणलं, किंमत साडेतीन लाखांच्या आसपास. काळी पोत आपल्या आज्यांनीही घातली होती. तेव्हा तिला कुणी डिझायनर म्हटलं नाही.

एरवी घडणावळ जरा वर गेली तरी आपल्या आया सोनाराशी अर्धा तास हुज्जत घालतात. काचेच्या शोरूममध्ये त्याच आया गप्प बसतात, कारण तिथे वजन विचारणं गावंढळपणाचं वाटतं. हाच तो जुना धाक, फक्त एसीत बसलेला.

हा दागिना मोडायला गावच्या सराफाकडे न्या. तो खडे काढेल, सोनं वजन करेल, तूट धरेल आणि भाव सांगेल. नावाचे पैसे शून्य. तारण ठेवायला न्या, तिथेही धरतात ते निव्वळ सोनं. परदेशातल्या लिलावांत नामवंत कंपन्यांच्या जुन्या दागिन्यांना बरी किंमत येते हे खरं. पण तो बाजार ज्यांचा आहे त्यांचा आहे. लातूर-नांदेडला रात्री दवाखान्याचे पैसे भरायचे असतील तर त्या लिलावाचा उपयोग नाही.

हिऱ्याची कथा तर याहून वाईट. अंगठीत हिरा हवाच, ही ‘परंपरा’ अमेरिकेत जाहिरात कंपनीने रुजवली. डी बिअर्सने १९३८ मध्ये त्यासाठी एन. डब्ल्यू. आयर या कंपनीशी बोलणी सुरू केली. आणि हे हिरे कुणी खणले? किंबर्लीत १८८० च्या दशकापासून कृष्णवर्णीय मजुरांना कुंपणाच्या आवारात कोंडून ठेवत, करार संपेपर्यंत बाहेर सोडत नसत आणि सोडताना अंगाची झडती घेत. जे खणतात त्यांनी बाळगायचं नाही, हा नियम आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे सराफकट्ट्याच्या गटारातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आजही दिसतात. त्यांच्या हातावर सोनं येतं ते चिखलातून.

महाडला बाबासाहेबांनी जी खूण टाकायला सांगितली ती वजनाने जड आणि मोलाने हलकी होती, आणि दुसऱ्यांनी आपल्याला कुठे बसवायचं ते तिच्यावरून ठरत होतं. डिझायनर दागिन्याचंही तेच. फरक इतकाच की तेव्हाची खूण खालच्या पायरीवर बसवायची, आताची वरच्या पायरीवर बसवण्याचं आश्वासन देते. पायऱ्या कुणाच्या, हे विचारायचं नाही. आणि आश्वासनही खोटं : ऑफिसमधली बाई कडं पाहून कौतुक करते आणि पुढच्याच वाक्यात आडनाव विचारते.

मुलीने मला विचारलं, “काका, मग घेऊ की नको?” मी तिला सुभेदार रामजींची गोष्ट सांगितली. भीमरावांना पुस्तक हवं असे. रामजींची पेन्शन तुटपुंजी. पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिच्याकडेही नसले तर दुसरीकडे, तिचा एखादा दागिना मागून घेत, मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पुस्तक आणत. पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत. किती वेळा झालं असेल हे! त्या दागिन्यावर कुणाचं नाव कोरलेलं असतं तर मारवाड्याने त्याचे जास्त पैसे दिले नसते.

माझं मत मी तिला स्पष्ट सांगितलं. घेऊ नकोस. सोनं घ्यायचं तर हॉलमार्क बघून, वजनावर, पावतीत निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घेऊन घे आणि अंगावर घालून मिरव. आत्याबाईंचं काही ऐकू नकोस. पैसे तिचे आहेत, निर्णयही तिचाच.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. आत्याबाईंनी गुपचूप आपली जुनी एकसर मोडून तिच्यासाठी पाटल्या करायला टाकल्या आहेत. मंगळसूत्राचं काय ठरलं, ते मुलगी अजून सांगत नाही.