द्रवीय सामग्री व सुरक्षितता

द्रवीय सामग्री व सुरक्षितता : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पारेषित होतो, या ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांनी मांडलेल्या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रांना द्रवीय यंत्रे म्हणतात. लहान दट्ट्यावर अल्प प्रेरणा लावून मोठ्या दट्ट्यावरील प्रचंड भार त्यांच्या साहाय्याने उचलता येतो. मात्र भार पेलणारा द्रव सांधा, वलय, ओतकामातील कोपरा किंवा रबरी नळी यांपैकी जी जागा सर्वांत दुर्बल असेल तेथून बाहेर पडू पाहतो आणि ही दुर्बलता बहुधा बाहेरून दिसत नाही. त्यामुळे या यंत्रांच्या सुरक्षिततेचा इतिहास हा मुख्यत्वे दाबावर विसंबून न राहण्याच्या उपायांचा इतिहास आहे.

इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा (१७४८–१८१४) यांनी १७९५ मध्ये द्रवीय दाबयंत्राचे एकस्व मिळविले. दट्ट्याभोवतीची गळती ही त्यांची पहिली अडचण होती. पन्हळीसारखा काटच्छेद असलेले चामड्याचे वलय बसवून ती दूर करण्यात आली. पन्हळीत शिरलेले पाणीच वलयाच्या कडा दट्ट्यावर दाबून धरते व दाब वाढेल तसा सांधा अधिक घट्ट होतो. या योजनेचे श्रेय सामान्यतः ब्रामा यांच्या कार्यशाळेतील हेन्री मॉडस्ली (१७७१–१८३१) यांना देतात.

गळती थांबली, तरी सिलिंडर फुटण्याचा धोका राहिलाच. वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवरील ब्रिटानिया पुलाच्या बांधकामात तो प्रकर्षाने दिसून आला. पुलाच्या मोठ्या गाळ्यांसाठी सु. १४० मी. लांबीच्या व सु. १,६०० टन वजनाच्या लोखंडी नळ्या पाण्यावरून तरंगत आणून द्रवीय दाबयंत्रांनी वर चढवावयाच्या होत्या. नळी थेट पूर्ण उंचीवर नेऊन मग तिच्याखाली बांधकाम केले असते, तर वेळ वाचला असता. परंतु अभियंते रॉबर्ट स्टीव्हन्सन (१८०३–५९) यांनी नळी जसजशी वर सरकेल तसतसा तिच्याखाली इंचाइंचाने आधार भरत जावा, असा आग्रह धरला. १७ ऑगस्ट १८४९ रोजी एका दाबयंत्राच्या बिडाच्या सिलिंडरचा तळ फुटून खाली कोसळला व दोराच्या शिडीवरील एक कामगार मृत्युमुखी पडला. नळी मात्र सु. २० सेंमी. खाली येऊन आधारावर टेकली. तो आधार नसता, तर नळी व बहुधा संपूर्ण योजनाच नष्ट झाली असती. सिलिंडरचा तळ सपाट असून भिंतीशी काटकोनात जोडलेला होता. अशा कोपऱ्यात ओतीव बीड दुर्बल राहते हे ध्यानात आल्यावर नव्या सिलिंडरचा तळ गोलसर करण्यात आला. मार्च १८५० मध्ये पुलावरून आगगाड्या धावू लागल्या. मोटारगाडीखाली शिरण्यापूर्वी जॅकशेजारी ठोकळे वा घोड्या लावण्याचा आजचा नियम याच तत्त्वावर आधारलेला आहे, परंतु घाईच्या वेळी तोच सर्वाधिक मोडला जातो.

विल्यम आर्मस्ट्राँग (१८१०–१९००) यांनी १८५० च्या सुमारास वजनभारित संचायक प्रचारात आणला. उभ्या सिलिंडरातील दट्ट्यावर मोठे वजन ठेवून त्यात दाबयुक्त पाणी साठविले जाई. गोद्यांतील याऱ्या व जलद्वारे त्यावर चालू लागली. लंडनमध्ये तर १८८३ मध्ये स्थापन झालेली कंपनी रस्त्याखालील नळांतून दाबयुक्त पाणी विकत असे व हा पुरवठा १९७७ पर्यंत चालू होता. संचायकाबरोबर एक नवा धोकाही आला, तो म्हणजे पंप बंद केल्यावरही दाब शिल्लक राहतो. म्हणून सांधा सोडण्यापूर्वी भार जमिनीवर टेकविणे, साठलेला दाब झडपेवाटे काढून टाकणे व दाबमापक शून्यावर आल्याची खात्री करणे आवश्यक ठरले. पुढे प्रचारात आलेल्या वायुभारित संचायकांत नायट्रोजनच भरतात. ऑक्सिजनाचा तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो.

विसाव्या शतकात पाण्याची जागा बव्हंशी खनिज तेलाने घेतली. तेलाने गंज व गोठणे या अडचणी दूर झाल्या. पण ते पेटते. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेल येथील कोळशाच्या खाणीत पाळण्यात नीट न बसलेल्या वाघिणीमुळे दाबयुक्त तेलाचा नळ व विजेच्या तारा तुटल्या. फवाऱ्याप्रमाणे उडालेल्या तेलाने पेट घेतला व २६२ जण मरण पावले. त्यानंतर यूरोपातील खाणींसाठी न पेटणाऱ्या वा सहजी न पेटणाऱ्या द्रवांची मानके ठरविण्यात आली.

भारतात कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेस कारखान्यांत द्रवीय दाबयंत्रे मोठ्या प्रमाणात वापरात आली. विदर्भ व खानदेश यांचा त्यांत समावेश होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३१ अन्वये वातावरणीय दाबाहून अधिक दाबाने चालणाऱ्या संयंत्रात सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाऊ नये, अशी तजवीज करणे बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली.

सूक्ष्म छिद्रातून निघणाऱ्या धारेचा धोका ओळखण्यास सर्वांत अधिक काळ लागला. डीझेल इंजिनाच्या अंतःक्षेपकातून हातात इंधन शिरल्याची घटना १९३७ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात नोंदविली गेली. नंतर ग्रीस भरण्याच्या व रंग फवारण्याच्या साधनांमुळेही अशा इजा होत असल्याचे आढळले. सु. ७ किग्रॅ./चौ. सेंमी. दाबाची बारीक धारही त्वचा भेदू शकते. खोदकाम यंत्रांतील दाब याच्या कितीतरी पट असतो. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, वेदना प्रारंभी फारशी नसते व कामगार हात पुसून कामाला लागतो. दरम्यान तेल स्नायुरज्जूंच्या आवरणांतून पसरते, सूज येऊन रक्तप्रवाह खुंटतो आणि काही तासांचा विलंबही बोट कापण्याची पाळी आणू शकतो. त्यामुळे गळती हाताने न चाचपता पुठ्ठ्याचा वा लाकडाचा तुकडा फिरवून शोधतात. अशी इजा झाल्यास दुखत नसले, तरी तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे लागते व शरीरात कोणता द्रव, साधारण किती दाबाने शिरला हे तेथे प्रथमच सांगावे लागते.