मराठी कळफलक, मुक्तस्रोत संगणकप्रणालींतील
लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालींवर दाबलेल्या कळींचे देवनागरी अक्षरांत रूपांतर करणारी व्यवस्था. इनस्क्रिप्ट हा तिचा प्रमुख आराखडा. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ (१९९१) या मानकात तो समाविष्ट आहे. ‘आयबस’ ही आज्ञावली कळी टिपते आणि ‘एम१७एन’ संग्रहातील नियमांनुसार युनिकोड चिन्हे उमटतात. हे नियम साध्या मजकूर-फाइलींत असल्याने नवा आराखडा जोडणे सोपे जाते. लिनक्सवरील ‘ग्नोम’ या डेस्कटॉप प्रणालीने २०१२ मध्ये आयबस सामावून घेतले. ‘तऱ्हा’मधील ऱ्ह मराठी कळफलकाची कसोटी पाहतो : इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’ ही हलन्ताची कळ आणि नंतर ‘ह’ दाबावा लागतो. मराठीत लागणारे ‘ॲ’ हे अक्षरही युनिकोडमध्ये २००८ साली आले. आज्ञावली खुली असल्याने नाशिकचा विद्यार्थीही त्रुटी दुरुस्त करू शकतो. मराठीच्या दृष्टीने हे स्वातंत्र्य मोलाचे आहे.